एका वाटीतल्या गोळ्या

लाँड्रीत तिला गारठाबाई म्हणायचे. हॉटेलांच्या चादरी आणि टेबलांवरची कापडं वाफेच्या रोलरखालून काढायची ती खोली. बाकीच्या बायका तिथं बाह्या वर सारून, मानेवर ओला रुमाल टाकून काम करायच्या, आणि ही बाई मात्र स्वेटरची गळ्याजवळची गुंडीसुद्धा लावून उभी. "हिला भट्टीत घातली तरी म्हणेल, जरा खिडकी लावा," असं तिच्या जोडीची घडीवाली म्हणायची. रोलरमधून आलेल्या चादरीचं एक टोक गारठाबाईच्या हातात, दुसरं घडीवालीच्या. दोघी एकमेकींकडे चालत यायच्या, टोकं जुळवायच्या, मागं सरायच्या. दिवसभर हेच. एवढ्या येरझाऱ्यांत दोन बायकांना एकमेकींचं सगळं कळतं, सांधेदुखीपासून सासूपर्यंत.

थंडी ही वरवरची गोष्ट होती. केस विंचरले की फणीत पुंजका यायचा. जिना चढताना मधल्या वळणावर ती थांबायची आणि चपलेचा पट्टा नीट करायचं सोंग करायची, कारण लागलेली धाप कुणाला दिसू द्यायची नव्हती. रात्रभर झोपून सकाळी उठली की अंग असं जड, जणू न पिळलेली चादर. घरी या सगळ्याला एकच नाव होतं, आळस. ते ती खपवून घेत होती. माणसाला एकदा आळशी म्हटलं की निदान पुढं कुणी काही विचारत नाही.

मग तिला दिवस राहिले, आणि दुसऱ्याच महिन्यात सगळं वाहून गेलं. तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइड मंद चालतंय आणि अंगात लोह जवळजवळ नाहीच, असं निघालं. हे दोन्ही ताळ्यावर येईपर्यंत पुन्हा प्रयत्न करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. हे काही पी हळद आणि हो गोरी नाही, दोन-तीन महिने रोज गोळ्या घ्या, मग बघू. तिनं मान हलवली. दोन-तीन महिने म्हणजे काय, चुटकीसरशी जातील, असं तिला वाटलं होतं. तिला मूल हवं होतं. ते किती हवं होतं हे ती कुणाला सांगत नसे, नवऱ्यालाही नाही. अशी गोष्ट तोंडानं बोलली की दृष्ट लागते असं तिचं आपलं एक मत होतं.

आता सासू. सासूला सगळी गल्ली आयाबाई म्हणायची, कारण तिचा सगळा जन्म बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून गेला होता. बाई कामाची वाघीण. निवृत्त झाली तरी पहाटे उठायची, केस घट्ट बांधायची आणि घरभर अशी फिरायची की जणू प्रत्येक खोलीत दहा खाटा आहेत. तिच्याबद्दल खोटं कशाला बोला, सुनेचं पोट रिकामं झालं त्या दिवशी तिला धरून बसली ती सासूच. अंग पुसलं तिनं, भरवलं तिनं, आणि महिनाभर पाण्याची बादलीसुद्धा उचलू दिली नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, तो दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत लिफ्टच्या पोकळीत लोंबकळत असायचा. गोळ्यांची जबाबदारी आयाबाईनं स्वतःहून उचलली.

"तू विसरशील," ती म्हणाली. "मी देते. माझ्या फेरीला वॉर्डात एक गोळी कधी मागं राहिली नाही."

तिची पद्धत ठरलेली होती. एक लहानशी स्टीलची वाटी. वाटीत सगळ्या गोळ्या एकदम, थायरॉइडची इवलीशी पांढरी आणि लोहाची टपोरी लाल. दुसऱ्या हातात वाफाळता दुधाचा चहा, म्हणजे गोळी घशात अडकत नाही आणि पोटालाही आधार. सून अंथरुणात उठून बसली की आयाबाई समोर उभी. वाटी रिकामी, पेला रिकामा, मगच ती हलायची. सुनेलाही हे बरं वाटायचं. आजवर तिच्यासाठी कुणी असं वाटी घेऊन उभं राहिलं नव्हतं.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. आकडे होते तिथंच. सहा महिन्यांनी तपासलं. लोह केसभर हललं, थायरॉइड जागचं हललं नाही. डॉक्टरांकडे जाताना आयाबाई नेहमी बरोबर असायची आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सुनेच्या आधी द्यायची. "गोळ्या रोज घेते ना?" असं डॉक्टर म्हणाले की आयाबाई म्हणायची, "मी स्वतः देते, डॉक्टरसाहेब." वर्ष होत आलं तसे डॉक्टर कागद खाली ठेवून म्हणाले, "एवढ्या डोसनं फरक पडायला हवा होता. गोळ्या पोटात जातात ना नक्की?"

सहज विचारलं असेल त्यांनी. पण आयाबाईच्या डोक्यात तो प्रश्न काटा मोडल्यासारखा राहिला. गोळ्या आपण दिल्या, म्हणजे आपल्या बाजूनं चूक असणं शक्यच नाही. मग उरलं कोण? वॉर्डात अशा बाया तिनं पाहिल्या होत्या, जिभेखाली गोळी धरायच्या आणि पाठ वळली की खाटेखाली टाकायच्या. आणि योग असा, की त्याच आठवड्यात केर काढताना पलंगाखाली एक लाल गोळी सापडली. एकच. ती केव्हा पडली, कुणाच्या हातून पडली, देव जाणे. आयाबाईनं ती उचलून तळहातावर ठेवली आणि तसाच हात पसरून लेकासमोर जाऊन उभी राहिली.

"हिला मूलच नकोय," ती म्हणाली. "नोकरी सुटेल म्हणून. गोळ्या टाकते ही."

सून दारात उभी होती. तिला आधी वाटलं, ही थट्टा आहे. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो त्या गोळीकडे बघत होता.

त्या संध्याकाळी त्यानं तिला विचारलं, "खरं सांग, टाकतेस का?" चिडून नाही, अगदी समजुतीनं. त्या समजुतीचाच तिला जास्त राग आला. चिडला असता तर दोन शब्द ऐकवता आले असते. "नाही टाकत," ती म्हणाली. "बरं," तो म्हणाला, आणि त्याचं ते बरं असं होतं की त्यापेक्षा त्यानं काही न बोललेलं परवडलं असतं.

आयाबाईनं ही गोष्ट घरात ठेवली नाही. तिच्या बहिणीला, म्हणजे नवऱ्याच्या मावशीला, फोनवर सांगितली. जिन्यातल्या शेजारणींना सांगितली. गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात सुटे पैसे परत घेता घेता सांगितली. आणि दुसऱ्या दिवसापासून वाटी रिकामी झाली की ती म्हणायची, "तोंड उघड. जीभ वर कर." घरातली मोठी बाई सून म्हणून आणलेल्या मुलीच्या तोंडात वाकून बघायची, आणि नवरा बाजूला बसून बुटांच्या नाड्या बांधायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथं तोंड उघडायला लावून मार होता.

गारठाबाईनं त्या दिवसांत मनाशी डूख धरला. तोवर तिला राग यायचा आणि जायचा. हा राग आला आणि मुक्कामाला राहिला. चादरीची टोकं जुळवताना ती घडीवालीला म्हणाली, "मला मूल व्हायच्या आधी एक गोष्ट व्हायला हवीय. या बाईनं चार माणसांत खाली मान घालायला हवी. त्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

"आणि कशी घालणार ती?" घडीवालीनं विचारलं.

"ते अजून ठरलं नाही."

ठरलं ते असं. लाँड्रीच्या पलीकडच्या रस्त्यावर एक नवी डॉक्टरीण बसू लागली होती. एका दुपारी गारठाबाई जेवणाच्या सुट्टीत एकटीच तिथं गेली. सासू बरोबर नाही, त्यामुळे पहिल्यांदाच प्रश्नांची उत्तरं तिला स्वतःला द्यायला मिळाली. डॉक्टरीणबाईंनी जुने कागद चाळले आणि आजवर कुणी न विचारलेला प्रश्न विचारला.

"गोळ्या घेता कशा? म्हणजे किती वाजता, कशाबरोबर?"

तिनं वाटी सांगितली. चहा सांगितला. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"दोन्ही एकदम? दुधाच्या चहाबरोबर? वर्षभर?" त्या म्हणाल्या. "अहो, लोह त्या थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊच देत नाही. आणि चहा त्या लोहाला अडवतो. तुम्ही गोळ्या घेतल्या खऱ्या, पण अंगाला फारच थोडं लागलं." मग त्यांनी नीट समजावलं. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याशी. त्यानंतर तासभर चहा नाही, खाणं नाही. लोहाची गोळी त्यानंतर निदान चार तासांनी, चहा-दूध लांब ठेवून, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. आणि दिवस राहिलेच, तर थांबायचं नाही, लगेच येऊन डोस बघून घ्यायचा.

रस्त्यावर आल्यावर गारठाबाईला हसू फुटलं. एकटीच हसत उभी राहिली ती, येणारेजाणारे बघत होते. वर्षभर रोज सकाळी समोर उभं राहून, एक गोळी मागं राहू न देता, सासूनं तिच्या हातानं तिचं औषध वाया घालवलं होतं. आणि चोर कोण, तर ही.

घरी जाऊन लगेच सांगावं, असं कुणालाही वाटेल. तिलाही जिन्यापर्यंत वाटलं. मग वाटलं, आत्ता सांगून काय होईल? आयाबाई म्हणेल, "बरं, उद्यापासून वेगळ्या देते," आणि विषय मिटेल. चूक तिची, दुरुस्तीही तिची, आणि गल्लीभर जे बोलली ते तसंच हवेत राहील. नाही. आधी आकडे सुधारू देत. मग चार माणसं जमू देत. मग.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी आली तसं ती म्हणाली, "आई, चहानं जीभ भाजते. मी पाण्याबरोबर घेते, चहा आंघोळीनंतर." आयाबाईनं डोळे बारीक केले, पण पाणी दिलं. इवलीशी पांढरी गोळी पाण्याबरोबर आत गेली. टपोरी लाल गोळी वरच्या हिरडीच्या आणि गालाच्या मधे गेली. "तोंड उघड. जीभ वर." जीभ वर झाली, खाली काहीच नव्हतं. वॉर्डातल्या बाया जिभेखाली लपवायच्या, म्हणून आयाबाई जन्मभर जिभेखालीच बघत आली होती. न्हाणीघरात जाऊन सुनेनं ती गोळी थुंकली आणि वर पाणी ओतलं. जो आळ तिच्यावर घेतला होता, तो तिनं आता खरा केला, आणि तसं करताना तिला जी मजा वाटली ती मूल होण्याच्या कल्पनेनंसुद्धा कधी वाटली नव्हती.

लोहाच्या गोळ्यांचं स्वतःचं एक पाकीट तिनं दुकानातून घेतलं आणि लाँड्रीतल्या कपाटात ठेवलं. भर दुपारी, रोलर जरा थांबला की, घडीवाली बाटलीत लिंबू पिळून आणायची. "घ्या गारठाबाई, तुमचं विष," असं म्हणून पेला पुढं करायची. दोघी खिडकीशी उभ्या राहून हसायच्या. कधी घडीवाली म्हणायची, "सांगून टाक गं आता, घरात रोज एवढं नाटक कशाला?" त्यावर ती म्हणायची, "अजून नाही. अजून तिनं पुरतं बोलायचंय."

आणि खरंच, आयाबाई बोलतच होती. सुनेचा चेहरा उजळू लागला, ती जिना न थांबता चढू लागली, एका दुपारी रोलरपाशी तिनं स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आयाबाई सांगू लागली, "बघा, मी तोंडात बघायला लागले तेव्हापासून आहे हे. धाक लागतो माणसाला." सून मूग गिळून बसायची आणि मनात म्हणायची, बोला. अजून बोला.

रक्ताचे आकडे आले. दोन्ही जागेवर. त्या रविवारी घरी जेवायला मावशी आली होती, तिची दोन मुलं आणि सुना आल्या होत्या. खालच्या मजल्यावरची शेजारीणही काहीतरी द्यायचं निमित्त करून आली आणि बसली. ताटं उचलली गेली. आयाबाई भिंतीला टेकून बसली होती, तृप्त, पाय पसरून.

"कुणी डॉक्टर करू शकला नाही ते मी केलं," ती म्हणाली. "शेवटी पेशंट सरळ करायचा तर आयाच लागते."

सगळे हसले. नवराही हसला. ते त्याचं हसू बघितलं आणि सून उठून उभी राहिली.

"आई, तुम्ही तोंडात बघायला लागलात," ती शांतपणे म्हणाली, "त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी तुमच्या हातची लाल गोळी गिळायचं सोडलं. रोज थुंकली. एकही पोटात गेली नाही."

आयाबाईचा चेहरा आधी उजळला. ती बहिणीकडे वळली. "बघ. मी म्हणत होते ना, टाकते म्हणून?"

"आता टाकते. तेव्हा नव्हते टाकत," सून म्हणाली. आवाज चढू लागला तसा तिनं तो चढू दिला. "तेव्हा सगळं गिळत होते. तुम्ही द्याल ते, द्याल तसं. आणि तुम्ही देत होतात तसं दिलं की एक गोळी दुसरीला खाते. चहा उरलेलं खातो. हे लाँड्रीजवळच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, विचारा जाऊन. मी लाँड्रीत दुपारी वेगळी गोळी घेतली, लिंबूपाण्याशी, म्हणून आकडे जागेवर आले. माझं वर्ष तुम्ही त्या वाटीत घालून चहाबरोबर पाजलंत मला. आणि वर मलाच चोर केलंत. हिला मूल नकोय म्हणून गल्लीत सांगत फिरलात. मला नको होतं मूल? मला?"

नवरा जमिनीकडे बघत होता. मावशीनं वारा कुठून येतोय ते ओळखलं आणि बहिणीकडे बघत म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच की गं."

हा क्षण किती दिवस मनात घोळवला होता तिनं. आता आयाबाई भांडेल, ओरडेल, वॉर्डाची शपथ घालेल, आणि मग आपण तिला पुरतं आडवं करू. उत्तरं तयार होती सगळी. आयाबाईनं तोंड उघडलंही.

"वॉर्डात तर मी सगळ्यांना—" ती म्हणाली, आणि थांबली.

मग ती स्वतःच्या तळहातांकडे बघू लागली. पुढचं ती कुणाशी बोलत नव्हती. "नर्सबाई वेगळ्या वेगळ्या काढून द्यायच्या," ती म्हणाली. "ही आत्ता दे, ती दुपारी दे. मीच म्हणायचे, कशाला एवढ्या फेऱ्या. एका वाटीत घालून एकदम दिल्या की मोकळं." मग अगदी हळू तिनं विचारलं, "त्यातल्या किती जणींना थायरॉइड होतं?"

सून उभी होती ती खाली बसली.

नवऱ्यानं माफी मागितली. तिनं ती लगेच दिली नाही. आपली बायको खोटी नव्हती हे स्वतःच्या तोंडानं सांगायला त्याला आधी मावशीच्या घरी पाठवलं, मग दुकानात, आणि दोन्हीकडे त्यानं काय सांगितलं ते परत आल्यावर शब्दन् शब्द वदवून घेतलं. तो रोज कामावरून येताना लिंबं आणू लागला. घरात इतकी लिंबं झाली की टोपलीतून घरंगळायची. त्याचा हिशेब तिथं मिटला.

सासूचा मिटला नाही. आकडे दाखवायला सून डॉक्टरीणबाईंकडे गेली तेव्हा तिनं त्यांना ती रविवारची गोष्ट रंगवून सांगितली. डॉक्टरीणबाई हसल्या, मग म्हणाल्या, "पण सासूबाईंना एक सांगा हं. वॉर्डात बाया राहतात चार दिवस. चार दिवस गोळ्या एकत्र घेतल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. तुमचं वर्षभर चाललं म्हणून अडलं. उगाच जिवाला लावून घेऊ नका म्हणावं."

"सांगते," ती म्हणाली.

आणि सांगितलं नाही. घरी आली तेव्हा आयाबाई खिडकीशी बसली होती. "ती कोपऱ्यातल्या खाटेवरची होती ना," ती सुनेला म्हणाली, जणू सून त्या वॉर्डात तिच्याबरोबर होती. "लांब केसांची. दर वर्षी यायची आणि रिकाम्या हातानं जायची. तिची पांढरी गोळी होती. माझ्यामुळे का गं ते?" सुनेला एका वाक्यात तिला मोकळं करता आलं असतं. तिनं मनाशी म्हटलं, आधी जा. ज्यांना ज्यांना सांगितलंस त्यांच्या दारात जा आणि सांग, माझी सून खोटी नव्हती. मग बघू. "मला काय माहीत, आई," असं म्हणून ती आत गेली.

आयाबाई गेली. कुणी न सांगता गेली. जिना चढून उतरून एकेका शेजारणीला तिनं सांगितलं, माझीच चूक होती, पोरीनं एक गोळी टाकली नव्हती. दुकानात गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. सुनेनं मागितलेला सूड शेवटच्या दाण्यापर्यंत तिच्या पदरात पडला. तिनं ते खालच्या शेजारणीकडून ऐकलं आणि वाटलं होतं तेवढं पोट भरलं नाही तिचं. वर्षभर मला जाळलं, हिला महिना तरी जळू दे, असं तिच्या मनात आलं. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. सूड असाच असतो, भरल्या पोटी अजून एक घास मागतो. उद्याचा परवा झाला.

मग तिला दिवस राहिले. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे ती लगेच गेली, डोस वाढवून आली. घरात आनंद झाला आणि त्या आनंदात ते वाक्य आणखी मागं पडलं. सकाळी तिला कोरड्या उलट्या व्हायच्या. ती न्हाणीघरात वाकलेली असायची आणि आयाबाई दाराबाहेर उभी असायची. आत यायची नाही. हजार बायकांची पाठ चोळलेली ती बाई, सुनेच्या पाठीला हात लावायची नाही. पाण्याचा पेला हवा असला तर लेकाला हाक मारायची. "तूच दे," म्हणायची. "माझ्या हातचं नको." ती आता कुणालाच काही देत नसे. शेजारच्या मुलाला खरचटलं आणि त्याची आई धावत आली तेव्हा आयाबाईनं मलमाचं कपाट उघडलंसुद्धा नाही.

एका सकाळी उलटीनं सुनेचे पाय थरथरायला लागले. तिनं भिंत धरली आणि मान वळवून पाहिलं. दारात सासू दोन्ही हात छातीशी बांधून उभी होती, हात सुटू नयेत म्हणून बांधल्यासारखे. तेव्हा पहिल्यांदा तिला तिच्या सुडाची लाज वाटली. पोटात मूल आहे, आणि त्याला धरायला जे हात सगळ्यात तरबेज, तेच आपण कापून ठेवलेत, असं तिला वाटलं आणि ती घाबरली.

"आई, ऐका," ती म्हणाली. "वॉर्डातल्या बायकांचं तुमच्यामुळे काही बिघडलं नाही. चार दिवसांत काही होत नाही. महिनोन्‌महिने घेतलं तर होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

आयाबाईनं तिच्याकडे पाहिलं. "केव्हा सांगितलं?"

"तेव्हाच. त्या रविवारनंतर."

"मग तेव्हाच बोलली असतीस ना तू."

आयाबाई हसली, अगदी मायेनं. "माझं मन राखतेस. कळतं मला. गुणाची आहेस."

"मन राखत नाही. खरं सांगते. मी मुद्दाम सांगितलं नाही तुम्हाला. मला तुमचा राग होता."

"काहीतरीच. तीन महिने मी तुझ्यासमोर रडतेय आणि तू ऐकत बसलीस? तसली नाहीस तू. तुला ओळखायला मी एकदा चुकले, आता नाही चुकायची."

"चला मग डॉक्टरांकडे. त्यांच्याच तोंडून ऐका."

"त्यांनाही सांगून ठेवलं असशील, म्हातारीला बरं वाटेल असं काहीतरी बोला म्हणून." आयाबाईनं मान हलवली, वॉर्डात आजारी बाईचं बोलणं मोडू नये म्हणून हलवायची तशी. "जा, तोंड धू. मी त्याला पाणी आणायला सांगते."

ती वळून लेकाला हाक मारत आत गेली. सून न्हाणीघरातून म्हणत राहिली, "खरंच सांगते, आई. शपथ, खरंच," आणि ती खरंच बोलत होती.